दाराबाहेरच्या चपला

प्रिय गौतम,

सप्रेम जयभीम.

“दाराबाहेर चपला असल्या की घर जागं असतं.” बाबांचं हे वाक्य गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. ते कधी म्हणाले होते ते तुला आठवायचं नाही, तू त्यांच्या मांडीवर बसण्याएवढा होतास. गणपतीत सगळी चाळ मिरवणूक बघायला गेली होती आणि वरच्या मजल्यावरच्या पेडणेकरांच्या खोलीतून पितळेचा हंडा नि दोन चांगल्या साड्या गेल्या. गिरणी बंद पडल्यावर बाबा हिंदमाताला साड्यांच्या दुकानावर रात्रीचे वॉचमन झाले होते, म्हणून बायका त्यांनाच विचारायला आल्या. “रामजीभाऊ, आता कुठलं कुलूप आणायचं ते तुम्हीच सांगा.” बाबा म्हणाले, कुलूप लावलंत की आत कोणी नाही हे तुम्हीच सांगून टाकता. त्यापेक्षा बाहेर चपला ठेवा, पुरुषाच्या ठेवा. दाराबाहेर चपला असल्या की घर जागं असतं. तेव्हा शेजारची कमलामावशी तिच्या मालवणीत काय म्हणाली होती? “आमच्या घोवाच्यो व्हाणो सदी गुत्त्यार. मगे आमचा घर निजलाच म्हणा!” सगळी गॅलरी हसली होती. ज्याच्या चपला कायम दारूच्या गुत्त्यावर, तो तिचा नवराही हसला होता, त्या दिवशी तो शुद्धीत होता.

फोनवर लिहिलं नाही, कारण तुझा जुना नंबर लागत नाही आणि माझा फोन हल्ली राकेश बघतो. चोरी झाल्यापासून घरात नवराबायकोही एकमेकांचं सगळं बघतात. हे पत्र तुझ्या दोस्ताच्या, विकासच्या हातात देते आहे. तू सुरतेला गेलास असं त्यानंच मला सांगितलं होतं. आता तो म्हणतो, “ताई, पोचवतो मी,” आणि माझ्याकडे न बघता पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरतो.

हो, आपल्याकडे चोरी झाली. गेल्या आठवड्यात, भर दुपारी. आईची पोत, तिच्या कानातली फुलं, माझ्या चार बांगड्या. कपाट फोडलं नाही, किल्लीनं उघडलं आणि पुन्हा नीट बंद केलं. किल्ली आईच्या कनवटीला होती ती तिथंच होती. दरवाजाला ओरखडा नाही. मी ऑफिसातून आले तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, केस विंचरलेले, चेहरा धुतलेला, आणि इतकी खुश होती की मला वाटलं आज तिचा चांगला दिवस आहे. घरात काही झालं आहे हे मला संध्याकाळी पोळ्या लाटायच्या आधी हातातलं घड्याळ काढून कपाटात ठेवायला गेले तेव्हा कळलं.

तू नवीन इमारतीत फार राहिला नाहीस, त्यामुळे तुला इथलं सांगायला हवं. आमच्या मजल्यावर आठ दारं आहेत आणि आठही बंद असतात. आत लाकडी दार, बाहेर लोखंडी जाळीचं दार, त्याला साखळी, वर राकेशनं बसवलेलं तीन खटक्यांचं कुलूप. गेटवर वॉचमन, लिफ्टच्या तोंडाशी कॅमेरा. चाळीत आपल्या दाराला एक कडी होती आणि ती बाहेरून दार थोडं उचलून ढकललं की निघायची, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. आई बाजारात गेली की कोणीही आत येऊन दूध उतू जाताना गॅस बंद करून जायचं. इथं कुकरच्या वीस शिट्ट्या झाल्या तरी शेजारी विचारायला येत नाहीत. त्यांचाही दोष नाही. ते घाबरतात, आम्हीही घाबरतो, मग सगळे मिळून दारं लावतात.

सोसायटीचा नियम आहे, कॉरिडॉरमध्ये चपला ठेवायच्या नाहीत. सगळ्यांनी ऐकलं, आपल्या आईनं नाही. बाबा गेल्यापासून त्यांच्या चपला तिनं चाळीत दाराबाहेर ठेवल्या होत्या, तशाच त्या इथं आणून ठेवल्या. चेअरमन दोनदा येऊन सांगून गेले. दुसऱ्यांदा आई म्हणाली, “मालक आत झोपलेत, रातपाळी करून आलेत. उठले की काढतील.” चेअरमन माझ्याकडे बघत राहिले. तिचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि आम्ही त्याला वय म्हणत होतो. तेव्हापासून त्या चपला तिथं आहेत. कमलामावशी रोज केर काढताना त्या उचलून भिंतीला लावायची आणि फडकं मारून परत ठेवायची.

कमलामावशी आपल्याकडे कामाला येत होती हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. चाळ पाडली तेव्हा तिच्या खोलीचे कागद तिच्या नावावर नव्हते. मूळ भाडेकरू कोणी दुसराच निघाला, जागा त्याला मिळाली आणि त्यानं ती विकली. मावशी शिवडीला भाड्याच्या खोलीत नातीला घेऊन राहते आणि जिथं तिचं घर होतं तिथंच उभ्या राहिलेल्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करायला यायची. मला पहिल्यांदा फार लाज वाटली होती. तीच म्हणाली, “अगो, दुसऱ्याकडे करतंय, मगे तुझ्याकडे करूक काय झाला? तुझ्या आवशीक तरी बघीन.” दुपारी ती आईला भरवायची, तिची वेणी घालायची, आणि निघताना बाहेरून किल्लीनं कुलूप लावून जायची; आतून ते खटका फिरवला की उघडतं. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली असायची. आतून साखळी लावायला आणि कोणालाही दार न उघडायला आम्ही आईला शिकवलं होतं. लहान मुलाला शिकवतात तसं, रोज. “कोण आलं तरी उघडायचं नाही.” आई विचारायची, “गौतम आला तरी?” मी म्हणायचे, कोणीही आलं तरी. राकेश पेपरातून डोकं वर काढायचा नाही. मग ती पुन्हा विचारायची, “पण गौतम आला तरी?”

कुलपं, साखळी, नवीन किल्ल्या हे सगळं चोरासाठी आहे असं आम्ही सोसायटीला सांगितलं, आईला सांगितलं, एकमेकांनाही सांगितलं. खरं तर मोबाइलवरच्या पत्त्यांच्या नादात तुझी नोकरी गेली, मग राकेशच्या आईची अंगठी गेली, आणि राकेश तुला दारात उभं करून म्हणाला, “पुन्हा इथं दिसलास तर तू हिचा भाऊ आहेस हे मी विसरेन.” दुसऱ्याच दिवशी कुलूपवाला आला. तो कशासाठी आला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. राकेश वाईट नाही रे. अंगठी त्याच्या आईची शेवटची वस्तू होती. तो चिडला असता तर बरं झालं असतं, तो घाबरला.

पोलीस आले तेव्हा राकेशनं पहिलं नाव तुझंच घेतलं. साहेबांनी मला विचारलं, भाऊ कुठं असतो? मी म्हटलं, सुरतेला. तेव्हा मी खरंच तसं समजत होते. आई मध्येच म्हणाली, “गौतम आला होता. च्या पिऊन गेला.” साहेबांनी वही उघडली आणि राकेश खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, त्या रोजच म्हणतात.” ते खरं आहे. ती रोज म्हणते. कधी तू शाळेतून आलेला असतोस, कधी तुला ताप असतो. परवा तू पाळण्यात होतास. साहेबांनी वही मिटली आणि आईला नमस्कार केला. तिचं बोलणं तिथंच संपलं.

मग आम्हाला सोसायटीच्या ऑफिसात कॅमेरा दाखवला. कॅमेऱ्यात आमचं दार दिसत नाही, ते खाचेत आहे. दारासमोरचं पायपुसणं दिसतं आणि बाबांच्या चपला दिसतात. पार्सल आणणाऱ्यांच्या घोळक्यात एक माणूस वर आला. टोपी, तोंडावर मास्क, पाठीला बॅग, अंगावरचा शर्ट खांद्यावरून ओघळलेला. राकेश पुढं वाकून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “नाही, हा तो नव्हे. हा काटकुळा आहे.” खरंच तो माणूस फार बारीक होता. मी आधी तेच बघत होते, मनगटं केवढीशी, पॅंट पट्ट्यानं आवळून धरलेली. तो आमच्या दाराशी आला, बेल वाजवायच्या आधी थांबला आणि खाली वाकला. पायपुसण्याच्या बाजूला काहीतरी केलं, उठला आणि दाराच्या खाचेत दिसेनासा झाला. “बघा,” साहेब म्हणाले, “वाकला बघा. काय घेतलं? किल्ली. चपलेखाली किल्ली ठेवलेली होती. कोणी ठेवली? जिच्याकडे किल्ली आहे तिनं.” त्यांनी ते चित्र तीनदा दाखवलं. मी म्हटलं, चपलेखाली आम्ही कधी किल्ली ठेवत नाही. ते म्हणाले, “तुम्ही नसाल ठेवत, मॅडम.”

मी तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा माणसाकडे बघितलंच नाही, चपलांकडे बघितलं. मावशीनं केर काढून त्या ठेवल्या होत्या, तोंडं भिंतीकडे. तो वाकला आणि उठला, तेव्हा चपला एकमेकींना लावून ठेवलेल्या होत्या आणि तोंडं बाहेर होती, लिफ्टकडे, कॅमेऱ्याकडे. थेट माझ्याकडे बघत असल्यासारखी.

गौतम, आपल्या घरात तुला पहिलं काम मिळालं ते हेच. दिवेलागण झाली की आई बाबांचा डबा भरायची, मी पाण्याची बाटली भरायचे, आणि तू गॅलरीत जाऊन चपला फिरवायचास. तोंडं जिन्याकडे. बाबांना घाईत वळावं लागू नये म्हणून. तू दोन्ही हातांनी एकेक उचलायचास, कारण ती तुझ्या पायापेक्षा दुप्पट होती. बाबा तुला म्हणायचे, “काय साहेब, गाडी लावली का?” आणि तू म्हणायचास, “लावली!” पुढं तू मोठा झालास, बाबांशी भांडलास, त्यांच्याशी बोलणं टाकलंस, पण दारातून आत जाताना पायानं का होईना त्यांच्या चपला फिरवल्याशिवाय गेला नाहीस. ते गेल्यावरसुद्धा. मला वाटतं तुला स्वतःला ते माहीतच नाही. माहीत असतं तर तू त्या दिवशी ते केलं नसतंस. डोक्यावर टोपी घालायचं तुला सुचलं, मास्क लावायचं सुचलं, राकेश कधी घरी नसतो आणि मावशी कधी जाते हे तुला ठाऊक होतं. मग तू बाबांच्या चपला फिरवल्यास, आणि बेल वाजवून “आये” म्हणालास. दुसऱ्या कोणाच्याही हाकेला तिनं साखळी काढून खटका फिरवला नसता.

तुझ्या चपला तू कुठं काढल्यास ते कॅमेऱ्यात दिसत नाही. पण काढल्यास हे मला माहीत आहे.

मोरीत त्या दिवशी दोन कप होते. मावशी कोरा चहा पिते, तिच्या स्टीलच्या पेल्यात. मी ते दोन कप घासून ठेवले तेव्हा मला चोरीचं काही माहीत नव्हतं. नंतर आठवलं. एक कप आईनं कधी नव्हे ते वरच्या फळीवरचा काढला होता, पाहुण्यांचा. तिला आता गॅस पेटवता येत नाही रे. चहा तू केला असशील. तू तिचा चेहरा धुतलास का? केस तूच विंचरलेस का? मावशी वेणी घालते, त्या दिवशी केस मोकळे होते. हे सगळं करून मग तू तिच्या कनवटीची किल्ली घेतलीस, की तिनंच हातात दिली? कपाट तिनं उघडलं का? “घे रे, तुझ्या बायकोला होतील” असं काही म्हणाली का? मी तिला विचारते तेव्हा ती हसते आणि म्हणते, “पोरगं किती वाळलंय.” एवढंच म्हणते. आजवर ती तुझ्याबद्दल शंभर गोष्टी बोलली, पण वाळलंय असं कधी म्हणाली नव्हती.

ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, “ओळखता का?” मी म्हटलं, नाही. राकेश शेजारी होता, चेअरमन होते. तोंडातून गेलं. मला वाटलं, सोनंच आहे, गेलं तर गेलं, प्रकरण विझेल. ते विझलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमलामावशीला बोलावलं. तेव्हापासून रोज बोलावतात. मारत नाहीत, शिव्याही देत नाहीत. फक्त सकाळी बाकावर बसवतात आणि संध्याकाळी सोडतात. मधे कोणी तरी येऊन तेच विचारतं, किल्ली कोणाला दिलीस. बाकीच्या तीन घरांनी तिला काढून टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरतोय, खाली लिहिलंय, या बाईपासून सावध राहा. गेटवरचा पास काढून घेतला. शिवडीच्या खोलीच्या मालकानं सांगितलं, ज्याच्यामागे पोलीस आहेत असा भाडेकरू आम्हाला नको. तिची नात शाळेत जायला तयार नाही.

परवा मी ऑफिसला निघाले तर मावशी रस्त्याच्या पलीकडे, मसाल्याच्या दुकानापाशी उभी होती. मिरच्या कांडत होते, तिचे डोळे लाल होते, कशानं ते मला ठरवता आलं नाही. ती गेटकडे आली नाही, मला हातानं बोलावलं. तू असतास तर खाली मान घालून निघून गेला असतास, मीही जाणार होते. पण तिनं हाक मारली, “गो चेडवा.” मी गेले. ती म्हणाली, “माका एक सांग. तुका तरी माझ्यार संशय नाय मां?” मी म्हटलं, नाही मावशी. “मगे त्यांका सांग मां तसा. तुझा आयकतले.” मी म्हटलं, सांगते. ती म्हणाली, “तुझ्या आवशीक कोण जेवण भरवता?” मी म्हटलं, मी रजा घेतली आहे. खोटं बोलले, मी तर ऑफिसलाच निघाले होते आणि ते तिला दिसत होतं. आईला आम्ही आता बाहेरून वेगळं टाळं लावून, जेवण झाकून ठेवून जातो. मावशीनं पदरानं माझ्या खांद्यावरची मिरचीची भुकटी झटकली आणि गेली.

तुला टायफॉइड झाला होता तेव्हा आई तुझ्याबरोबर हॉस्पिटलात आणि बाबा ड्युटीवर, तर मला महिनाभर कोणी जेवू घातलं? आणि तू घरी आल्यावर तुझी पेज कोण गाळून द्यायचं? त्या गाळलेल्या पेजेला तू “कमलीचं दूध” म्हणायचास. तिच्या गणपतीचा पहिला मोदक आपल्याकडे यायचा, दुसऱ्या कोणाकडे जायच्या आधी. लालबागेत तेव्हाही आपल्या घरचं पाणी न पिणारे लोक होते, हे तुला कळायला उशीर लागला, कारण मावशी आपल्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्यायची. हे तुला मी आठवण करून देते आहे असं समजू नकोस. तुला आठवतंच. म्हणून तर तू ती गेल्यावर आलास.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. साहेबांनी मला सोमवारी बोलावलं आहे. माझा आणखी एक जबाब घेणार आहेत: आमच्याशिवाय किल्ली फक्त कमलाबाईंकडे होती, कपाटाची किल्ली कुठं असते हे त्यांना ठाऊक होतं, आमचा संशय त्यांच्यावर आहे. माझी सही झाली की तिला आत घेतील. राकेश म्हणतो, सही कर आणि संपव. मी ती सही करणार नाही. मी साहेबांना चपलांचं सांगणार आहे. ते हसले तर दोन कपांचं सांगेन, आई “वाळलंय” म्हणाली तेही सांगेन, आणि त्या दिवशी ओळखलं नाही असं का म्हटलं तेही सांगेन. हे ठरलं आहे, त्यावर तू काही करू शकत नाहीस. पण मी एकटी गेले तर ते तुला शोधायला येतील, आणि तू आलास तर आपण दोघं जाऊ. आईनं हातानं दिलं असेल तर तसं सांग, विकलं असेल तर तसं सांग, जे असेल ते. नंतर जे होईल त्यात मी तुझ्याबरोबर असेन, राकेश काहीही म्हणो. रविवारी ये. तू येणार नाहीस, हे मला हे कागद घडी घालतानाही माहीत आहे. विकास सांगेल, ताई, तो तिथं नव्हताच. तरी ये. राकेश घरी असला तरी ये, टोपी न घालता ये. मावशी येत नाही त्यामुळे केर मीच काढते, आणि बाबांच्या चपला मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून ठेवल्या आहेत. त्या तेवढ्या फिरव आणि बेल वाजव. दार मी उघडेन.

तुझीच,
ताई